मंत्रीमहोदय, जे सांगायचंय ते फाईलवर लिहा

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. उपमुख्यमंत्री आणि महाराष्ट्र राज्य मंत्रिमंडळातले सर्व मंत्री व राज्यमंत्री

स.न.वि.वि.

पत्र लांबलंय. तुमच्यापैकी कुणाचा तरी ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, वरवर चाळेल आणि "काही विशेष नाही सर, नेहमीचंच आहे" असं सांगून मोकळा होईल, ही तयारी ठेवूनच लिहितेय. म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. राज्यघटनेने तुम्हाला भरपूर अधिकार दिलेत आणि ते तुम्ही वापरावेत, जरूर वापरावेत, पण फाईलवर, सहीनिशी, कारण लिहून. फोनवर नकोत, पीएच्या व्हॉट्सॲपवरून नकोत आणि कुणीतरी गर्दीत पुढे केलेल्या अर्जाच्या कोपऱ्यात तिरकी सही मारून तर नकोतच नको.

मी जीआर, म्हणजे शासन निर्णय, वाचणारी बाई आहे. म्हणजे नोकरी म्हणून नाही, ओळखीपाळखीतल्या लोकांना अर्ज, अपील, माहिती अधिकाराचे कागद लिहून देते म्हणून वाचावे लागतात, आणि खरं सांगायचं तर आता सवय पण लागलीये. कुठलाही जीआर घ्या, शेवटाकडे एक ओळ असतेच, "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने", आणि त्याखाली कुणा कक्ष अधिकाऱ्याची, अवर सचिवाची नाहीतर उप सचिवाची डिजिटल सही. त्याच्या वर तो लांबलचक संकेतांक. अनुच्छेद १५४ म्हणतं राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालांकडे, १६३ म्हणतं राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, १६६ म्हणतं सरकारची प्रत्येक कारवाई राज्यपालांच्या नावाने झाली पाहिजे. १९७४ मध्ये शमशेर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे अगदी पक्कं करून टाकलं, की नाव राज्यपालांचं असलं तरी, मोजके अपवाद सोडता, निर्णय मंत्र्यांचा.

आता यातली गंमत बघा. सगळा निर्णय तुमचा, पण जीआरवर सही अधिकाऱ्याची आणि नाव राज्यपालांचं. मग तुम्ही काय ठरवलं, का ठरवलं, खालून आलेल्या टिपणीत काय लिहिलं होतं आणि तुम्ही ते मान्य केलं की फिरवलं, हे दिसायची जागा एकच, ती म्हणजे फाईलमधलं टिपणीचं पान. तिथे तुम्ही काही लिहिलंच नाही, नुसतं फोनवर सांगितलं, तर उद्या चौकशी लागल्यावर सापडतो तो खालचा अधिकारी. तुम्ही पत्रकारांना सांगायला मोकळे की खात्याने परस्पर केलं, दोषींवर कारवाई करू.

शेऱ्यांचं तर विचारूच नका. एका रिटायर्ड शिक्षकांचा पेन्शनच्या फरकाचा अर्ज माझ्याकडे आला होता, म्हणजे अर्जाची झेरॉक्स. त्यावर तीन वेगवेगळ्या मंत्र्यांचे शेरे. एकावर "तपासून सादर करावे", दुसऱ्यावर "नियमानुसार तात्काळ कार्यवाही करावी", तिसऱ्यावर "प्रकरण सकारात्मक तपासावे". तिन्ही सह्या इतक्या झोकदार की गुरुजींनी तो कागद लॅमिनेट करून घेतला होता. संबंधित ऑफिसात ते घेऊन गेले तर आवक शाखेतल्या माणसाने शिक्का मारला, नंबर टाकला आणि म्हणाला, काका, असे शेरेवाले रोज येतात, नियमात बसत असेल तर बिनशेऱ्याचंही होतं. उद्धट वाटलं तरी माणूस कायद्याने बरोबर बोलत होता. १९६२ सालच्या बच्छित्तर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय, की मंत्र्याने फाईलवर काही लिहिलं म्हणून तो सरकारी आदेश होत नाही, तो रीतसर राज्यपालांच्या नावाने निघायला हवा आणि ज्याच्याबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोचायला हवा. तिथे फाईलवरच्या नोंदीची ही कथा, तर अर्जाच्या कोपऱ्यातल्या सहीची काय पत्रास!

तुम्हाला हे माहीत नाही असं मला अजिबात वाटत नाही. "नियमानुसार कार्यवाही करावी" असं लिहिताना तुम्हालाही कळत असतं की आपण काहीच लिहिलेलं नाही. माणूस खूश होऊन जातो, फोटो निघतो, संपलं.

पण हाच फाईलबाहेरचा कारभार वजनदार माणसासाठी मात्र वेगळा चालतो. तिथे शेरा लागत नाही, फोन पुरतो. बुलढाणा जिल्ह्यातलं २००६ सालचं प्रकरण तुमच्यातल्या जुन्याजाणत्यांना आठवत असेल. एका शेतकऱ्याची सावकारीच्या जाचाची तक्रार होती, सावकार म्हणजे एका आमदाराचं कुटुंब, आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या ऑफिसातून पोलिसांना फोन गेला, गुन्हा नोंदवू नका म्हणून. हे बाहेर कसं आलं? पोलिस ठाण्यात कुणीतरी त्या फोनची नोंद स्टेशन डायरीत करून ठेवली होती म्हणून! बस, एवढ्या एका नोंदीवर प्रकरण हायकोर्टात टिकलं आणि पुढे सुप्रीम कोर्टात गेलं. हायकोर्टाने राज्य सरकारला २५ हजारांचा भुर्दंड लावला होता, सुप्रीम कोर्टाने २०१० च्या डिसेंबरमध्ये तो वाढवून १० लाख केला. तो पण सरकारवर लागला, म्हणजे फोन कुणाचा आणि पैसे कुणाच्या खिशातले ते तुम्हीच बघा. ज्याने कुणी ती डायरी लिहिली असेल त्याला माझा आजही नमस्कार आहे.

म्हणजे बघा हं, गुरुजींच्या हातात तीन मंत्र्यांच्या सह्या आणि टेबल हलत नाही, आणि तिकडे एका फोनवर अख्खं पोलिस ठाणं थांबतं. दोन्हीकडे फाईल कोरीच. माझी खरी तक्रार ही आहे.

तुमच्यातही एकमेकांच्या खात्यात हात घालण्याचे प्रकार होतात ते वेगळेच. अनुच्छेद १६६(३) खाली कामकाजाचे नियम, म्हणजे रूल्स ऑफ बिझनेस, केलेले असतात, कुठला विषय कुठल्या खात्याचा, काय मंत्र्याच्या पातळीवर संपतं, काय मुख्यमंत्र्यांकडे जातं, काय कॅबिनेटपुढे यायलाच हवं, हे सगळं त्यात ठरलेलं. चंद्रपूर जिल्हा बँकेच्या नोकरभरतीला मुख्यमंत्र्यांनी दिलेली स्थगिती हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये रद्द केली ती याच मुद्द्यावर, की विषय सहकार खात्याचा, त्या खात्याला मंत्री आहे, त्या मंत्र्याचा निर्णय परस्पर फिरवायचा अधिकार नियमांत मुख्यमंत्र्यांना दिलेला नाही. लोकांना वाटतं मुख्यमंत्री म्हणजे सगळ्यांचा बॉस, काहीही करू शकतो. राजकारणात असेलही, आणि कुणाला मंत्री करायचं, कुणाला काढायचं, खातं कुणाला द्यायचं हे त्यांच्याच हातात असतं, पण एकदा खातं दिलं की त्या खात्याच्या फाईलवर त्या मंत्र्याचंच डोकं चाललं पाहिजे, पटत नसेल तर विषय कॅबिनेटमध्ये आणा ना, तिथे भांडा, ठराव करा, इतिवृत्तात येऊ दे.

स्थगिती हा शब्द आला म्हणून आठवलं, सरकार बदललं की आधीच्यांच्या कामांना स्टे, हे २०१९ ला झालं, २०२२ लाही झालं. अधिकार असेल, नाही कोण म्हणतंय. पण ज्या गावचा अर्धा रस्ता खडी टाकून तसाच राहतो त्या गावाला कारणाचं एक पान तरी मिळालं का? या कामात अमुक दोष आढळला म्हणून थांबवतोय, असं कामागणिक लिहा की. सरसकट एका पत्राने हजार कामं थांबवली की मग उठवताना पण कारण लागत नाही, ज्याचा आमदार जवळचा त्याचं काम आधी सुटतं.

बदल्यांबद्दल मी थोडक्यातच लिहिणार होते पण जमेल असं वाटत नाही. आपल्या राज्यात २००५ चा कायदा आहे, नाव इतकं लांब की सगळे त्याला बदल्यांचा कायदा नाहीतर दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. सरकारी कर्मचाऱ्याला एका जागी साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे मध्ये, आणि मधेच किंवा मुदतीआधी करायची झाली तर कारण लेखी नोंदवून वरच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी. वाचायला किती छान! प्रत्यक्षात आदेशावर काय येतं, तर "प्रशासकीय कारणास्तव". काय कारण, कसलं प्रशासकीय, कुणी मागितली होती बदली? आमदारांची शिफारसपत्रं कपाटात असतात आणि आदेशात त्यांचा उल्लेख नसतो. मग तो अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातो, तिथे सरकारला कारण सांगता येत नाही, आदेश रद्द होतो, तोवर त्याच्या जागी आलेला स्थिरावलेला असतो आणि दोघांची फरफट. हे दरवर्षी चालतं. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सुप्रीम कोर्टाने माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमण्यम यांच्या याचिकेवर सांगितलं की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेश लेखी हवा. आणि हे काही कोर्टाने हवेतून काढलेलं नाही, आयएएस-आयपीएस मंडळींच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत आधीपासूनच आहे की वरिष्ठाची सूचना सहसा लेखी असावी, तोंडी दिली तर लगेच लेखी कन्फर्म करावी, आणि खालच्याने ती मागून घ्यावी. मागून घ्यावी म्हणे! कोण मागणार? ज्याची बदली एका फोनवर होऊ शकते तो फोन लेखी मागणार का?

त्या २००५ च्याच कायद्याच्या कलम १० मध्ये फाईलींचं वेळापत्रक आहे, आणि हा भाग मला फार आवडतो. साधारणपणे कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहायला नको. तात्काळ असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, निकडीची असेल तर चार दिवसांत. दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय, जायची असेल तर तीन महिन्यांत. विलंब जाणूनबुजून झाला तर शिस्तभंगाची कारवाई. खालचा क्लार्क, कक्ष अधिकारी, उप सचिव, सचिव सगळे या घड्याळात अडकलेत. आणि मंत्री? मंत्री सरकारी कर्मचारी नाही, त्यामुळे फाईल मंत्री कार्यालयात शिरली की या कायद्याचं घड्याळ बंद. "साहेबांकडे आहे" हे वाक्य ऐकलं की विचारणाऱ्यानेही गप्प बसायचं. साहेब दौऱ्यावर, साहेब अधिवेशनात, साहेबांना दिल्लीचं बोलावणं, साहेबांच्या मतदारसंघात जत्रा. फाईलवर साहेबांनी "चर्चा करावी" एवढं लिहिलं की अजून दोन महिने, कारण चर्चेला वेळ कोण देणार?

आता ई-ऑफिस आलंय. फाईल कुणाच्या लॉगिनला किती तारखेला आली आणि किती तारखेला गेली हे सिस्टीमला आपोआप कळतं, त्यासाठी कुणाला वेगळा अहवाल करायला नको. मग मंत्र्यांच्या पातळीवर पडून असलेल्या फाईलींचा आकडा दर महिन्याला जाहीर करायला काय हरकत आहे? विषय सांगू नका, गोपनीय असतील ते वगळा, नुसतं खातं आणि किती फाईली किती दिवसांपासून. अधिकाऱ्यांची ई-ऑफिसची रँकिंग काढता, कामगिरीचे शंभर दिवसांचे तक्ते काढता, त्यात एक रकाना स्वतःचा पण काढा.

मंत्रालयात जाळी लावलीये ती रोज बघत असाल. मधल्या मोकळ्या जागेत २०१८ साली ताणून बसवली, लोक वरून उडी मारायला लागले म्हणून, त्याच वर्षी जानेवारीत भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकलेल्या धुळ्याच्या एका वृद्ध शेतकऱ्याने मंत्रालयातच विष घेतलं होतं. त्यानंतर जाळीवर उड्या मारून आंदोलनं झाली, आमदारांनी पण मारल्या. लोक मरू नयेत म्हणून लावली, बरंच केलं. पण ज्या फाईलीपायी माणूस तिथवर येतो ती फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस होती, हे त्या माणसाला विचारल्यावर सांगणारी एक खिडकी त्या इमारतीत नसावी? शेतकऱ्याला नकार पचतो हो, नकाराचं कारण लेखी मिळालं तर तो अपिलात जातो, कोर्टात जातो. उत्तरच न मिळणं पचत नाही.

तुमची शपथ मी टीव्हीवर प्रत्येक वेळी पूर्ण ऐकते, लोक टाळ्यांत विसरतात. कोणाच्याही विषयी ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्व तऱ्हेच्या लोकांना न्याय्य वागणूक देईन, असं तुम्ही म्हणता. ममत्वभाव आहे की नाही हे कुणाच्या मनात शिरून तर बघता येत नाही. मग तपासायचं कशावरून? दोन सारख्या फाईलींवर दोन वेगळे निर्णय झाले तर त्यांची कारणं शेजारी ठेवून वाचता आली पाहिजेत. कारणंच नसतील तर शपथ मोडली की पाळली हे कुणाला कधी कळणारच नाही, आणि काहींची तीच सोय आहे असं मला स्पष्ट वाटतं.

आणखी एक. अनुच्छेद १६४(२) प्रमाणे तुम्ही सगळे मिळून विधानसभेला जबाबदार. एकेकटे नाही, सगळे. मग कॅबिनेटमध्ये हात वर करून बाहेर येऊन "माझा या निर्णयाला विरोध होता" असं माईकपुढे बोलणं कुठल्या नियमात बसतं? विरोध असेल तर राजीनामा द्या, नाहीतर निर्णय अंगावर घ्या. खात्यासाठी तुम्ही किती दिवस रुसता, पालकमंत्रिपदासाठी तर विचारायलाच नको. जानेवारी २०२५ मध्ये यादी निघाली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकला स्थगिती. ज्या पदाचा घटनेत उल्लेखही नाही त्याच्यावरून एवढं, कारण जिल्हा नियोजन समितीचा निधी. २०२२ मध्ये तर ३० जून ते ९ ऑगस्ट असा सगळा कारभार दोन माणसांच्या मंत्रिमंडळाने हाकला होता. १६४(१अ) मध्ये मंत्र्यांची संख्या किमान बारा आणि कमाल विधानसभेच्या पंधरा टक्के, म्हणजे आपल्याकडे ४३. वरची मर्यादा सगळ्यांना तोंडपाठ असते, ती पूर्ण भरूनही कुणीतरी नाराज राहतोच, खालची मर्यादा मात्र तेव्हा कुणाला आठवली नाही.

वटहुकुमांचं एवढंच सांगते की सभागृह टाळायची सवय लागली की काय होतं ते बिहारने दाखवलंय. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या डॉ. डी. सी. वाधवांनी शोधून काढलं होतं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम काढले आणि तेच तेच पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले, विधिमंडळाला न विचारता. सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या डिसेंबरमध्ये त्याला घटनेशी केलेली फसवणूक म्हटलं. आपल्याकडे तेवढं नाही, मान्य. पण मार्च २०२२ पासून साडेतीन वर्षांहून जास्त काळ मुंबईसारखी महापालिका नगरसेवकांशिवाय, प्रशासकाच्या हातात होती, आणि प्रशासक म्हणजे शेवटी तुमचाच अधिकारी. त्या काळात वॉर्डातल्या कामाचं कुणाला विचारायचं हे लोकांना कळत नव्हतं, ज्यांच्याकडे मंत्र्यांचा नंबर होता त्यांना मात्र कळत होतं.

तर माझ्या मागण्या काही फार मोठ्या नाहीत आणि एकीलाही घटनादुरुस्ती लागत नाही. सामान्य प्रशासन विभागाने एक परिपत्रक काढावं की मंत्री, राज्यमंत्री किंवा त्यांच्या कार्यालयाकडून तोंडी सूचना आली तर अधिकाऱ्याने ती तारीख-वेळेसकट फाईलवर नोंदवायची आणि तशी नोंद केली म्हणून त्याच्यावर कुठलीही कारवाई होणार नाही. हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. निवेदनावर शेरा द्यायचाच असेल तर तो मंत्री कार्यालयातच आवक नंबर घालून द्या, म्हणजे त्याचं पुढे काय झालं ते गुरुजींना पोर्टलवर बघता येईल, आणि नियमात बसत नसेल तर तसं स्पष्ट लिहा, माणसाला खोटी आशा लावू नका. मंत्र्यांकडच्या प्रलंबित फाईलींचा महिन्याचा तक्ता वर सांगितलाच आहे. मुदतीआधीच्या प्रत्येक बदलीच्या आदेशात कारण एका पूर्ण वाक्यात येऊ दे, कुणी शिफारस केली असेल तर त्याच्या नावासकट.

यातलं काही करायचं नसेल तरी चालेल, पण का करायचं नाही ते कळवा. पंचेचाळीस दिवसांच्या आत अपेक्षित आहे, कारण यासाठी फाईल दुसऱ्या कुठल्या विभागाकडे जायची गरज मला तरी दिसत नाही.

आपली,
अर्ज लिहून देणारी एक मतदार

प्रत माहितीसाठी: मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य. अनुच्छेद १६७ खाली आपल्याला मुख्यमंत्र्यांकडून राज्यकारभाराची माहिती मागवता येते, आणि एकट्या मंत्र्याने घेतलेला निर्णय मंत्रिमंडळापुढे ठेवायला सांगता येतो. विधान परिषदेच्या राज्यपालांनी नेमायच्या बारा जागांची यादी राजभवनात कशी पडून राहिली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हायकोर्टाला वाजवी वेळेची आठवण कशी करून द्यावी लागली, हे लोकांच्या लक्षात आहे, म्हणून ही प्रत हातपोच पाठवून पोचपावती घेतली आहे.